नजर गुण्यात बसवताना : सुतारकामात नव्याने येणाऱ्यांसाठी

मुरलेला मिस्त्री खोलीच्या दारातूनच सांगतो, "ते उजवीकडचं शटर वर एक सूत मारतंय." हेल्पर टेप लावून बघतो तर खरंच वरची फट खालच्यापेक्षा एक सूत जास्त. (शटर म्हणजे कपाटाचं दार. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरला थोडं वर.) नव्या मुलाला वाटतं, हे काहीतरी उपजत असणार. पण मिस्त्रीने ९० अंशाचा कोन ओळखलेलाच नसतो. त्याने दोन शटरमधली फट वरून खाली नजरेने उतरवली, ती वर जाड आणि खाली बारीक दिसली, संपलं.

सगळी मेख इथे आहे. नुसता एक कोन दाखवून "हा ९० आहे की ८९?" असं विचारलं तर डोळा गडबडतो. मात्र दोन रेघा शेजारी ठेवून "या समांतर आहेत का?" किंवा "ही रेघ त्या रेघेच्या सरळीत आहे का?" असं विचारलं तर तोच डोळा केसाएवढा फरक पकडतो. उभी आणि आडवी रेघ आपण चांगली जोखतो, तिरकी तितकी नाही. म्हणून कोन ओळखायला शिकायचं म्हणजे कोनाचा प्रश्न तुलनेचा करून घ्यायला शिकायचं. आयटीआयला नुकते लागलेले असा, साईटवर हेल्पर म्हणून उभे राहिलेले असा, की घरच्या गॅलरीत शनिवार-रविवार लाकूड कापणारे असा, पुढच्या पायऱ्या सगळ्यांना सारख्याच लागू पडतात.

पहिली पायरी : गुण्या खरा आहे का?

डोळा ज्याच्या बरोबरीने घडवायचा तेच हत्यार खोटं असेल तर डोळाही खोटाच घडणार. त्यामुळे सुरुवात गुण्यापासून, म्हणजे काटकोन तपासायच्या इंग्रजी L सारख्या हत्यारापासून. प्लायचा एक तुकडा घ्या, ज्याची एक कड फॅक्टरीची, सरळ आहे. गुण्याचा दांडा त्या कडेला घट्ट टेकवा आणि पात्याला लागून टोकदार पेन्सिलने रेघ ओढा. आता गुण्या पालटा. दांडा त्याच कडेला, पण तोंड उलट्या बाजूला. पहिल्या रेघेच्या पायाशी पातं आणून दुसरी रेघ ओढा. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. वर जाताना फाकल्या तर जेवढी फट दिसते त्याच्या निम्मी चूक गुण्याची आहे. पालटल्यामुळे चूक दुप्पट होऊन समोर येते, म्हणून एरवी न दिसणारा फरकही इथे दिसतो. गुण्या हातातून फरशीवर पडला की ही तपासणी पुन्हा करायची, मग मालक मागे उभा असला तरी.

पाणसळीचंही (सपाटी तपासायची बुडबुड्याची पट्टी) तसंच. ती सपाटीवर ठेवा, बुडबुडा बघा, मग जागच्या जागी टोकं फिरवून पुन्हा ठेवा. बुडबुडा आधी खिडकीकडे एक रेघ सरकला असेल तर आताही खिडकीकडेच तेवढा सरकायला हवा. दाराकडे पळाला तर सपाटीला दोष देऊ नका, पाणसळ बदला.

दुसरी पायरी : आधी अंदाज, मग टेप

ही सवय फुकट आहे आणि बहुतेक जण तीच टाळतात. कुठलंही माप घेण्याआधी आकडा तोंडाने बोला किंवा पाटावर खडूने लिहा, आणि मग टेप ओढा. दाराची रुंदी, टेबलाची उंची, भिंतीपासून स्विचबोर्डाचं अंतर, काहीही चालेल. अंदाज आधी लिहिला नाही तर टेपवरचा आकडा बघून "मला हेच वाटलं होतं" असं मन सांगतं आणि डोळा काहीच शिकत नाही.

अंदाजाला बूड हवं म्हणून स्वतःच्या अंगाची मापं एकदा घेऊन ठेवा. तुमची वीत किती इंचाची, अंगठ्याचं पेर किती, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत किती, हात वर केल्यावर बोटं जमिनीपासून किती उंचीवर पोचतात. वीत साधारण नऊ इंच धरतात, पण प्रत्येकाची वेगळी. दुसऱ्याच्या वितीने तुमचं कपाट होणार नाही.

आणखी एक ध्यानात ठेवा. उभी लांबी आपल्याला आडव्या लांबीपेक्षा जास्त वाटते. साडेसहा फुटांचं कपाट उभं केल्यावर फार उंच वाटतं, तेच जमिनीवर आडवं असताना आटोपशीर वाटतं. म्हणून उभ्या मापांचे अंदाज वेगळ्या रकान्यात लिहा. काही दिवसांत तुमचा डोळा नेहमी कुठल्या बाजूला चुकतो ते कळेल. चूक एकाच बाजूला होत असेल तर ती वजा करता येते.

तिसरी पायरी : अंश सोडा, "फुटाला किती" बोला

कोनमापकावरचे अंश कागदावर ठीक. काम करताना कोन म्हणजे "एवढं लांब गेलं की एवढं सरकलं". छप्पर करणारे सुतार "फुटाला सहा इंच चढ" असं सांगतात, आणि ते ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर लगेच उभं राहतं. "साडेसव्वीस अंश" म्हटलं तर काहीच उभं राहत नाही, जरी कोन तोच असला तरी.

थोडे आकडे पाठ असू द्या. फुटाला सव्वातीन इंच म्हणजे साधारण १५ अंश. फुटाला सात इंच म्हणजे ३० च्या अगदी जवळ. फुटाला एक फूट म्हणजे ४५. उलट बाजूने, एक अंश म्हणजे फुटाला पावणेदोन सुताला किंचित कमी. मेट्रिकमध्ये काम करत असाल तर ५७ सेंटीमीटर लांब गेल्यावर १ सेंटीमीटर सरकलं की एक अंश.

आता हेच दारावर लावून बघा. चौकट फुटाला एक सूत कलली आहे, म्हणजे जेमतेम ०.६ अंश. हातभर लांबीच्या तुकड्यात ते जाणवणारही नाही. सात फुटांवर मात्र ते सात सूत होतं, म्हणजे इंचाला एक सूत कमी. असं दार आपोआप उघडं पडतं किंवा आपोआप मिटतं, आणि मग बिजागरीला शिव्या बसतात.

कोन ओळखीचे व्हावेत म्हणून कागद दुमडा. फाटक्या कडांचा कागद घ्या, कसाही एकदा दुमडा. घडीची रेघ सरळच येते. मग ती घडी स्वतःवरच नीट बसवून दुसऱ्यांदा दुमडा, पक्का काटकोन तयार. पुन्हा दुमडला की ४५, आणखी एकदा की साडेबावीस. ६० साठी कंपासने वर्तुळ काढा आणि कंपास न हलवता परिघावर सहा खुणा पाडा. शेजारच्या दोन खुणा केंद्राला जोडल्या की ६० अंश. हे कोन पुठ्ठ्यावर उतरवून कापा आणि ती पानं खिशात ठेवा. चहाच्या टपरीच्या छपराचा उतार, जिन्याच्या कठड्याचा कल, शिडीचा कोन, आधी अंदाज करायचा आणि मग पान धरून बघायचं.

चौथी पायरी : फळीच्या टोकातून बघणं

मिस्त्री फळी उचलून बंदुकीसारखी डोळ्याला लावतो तेव्हा तो तीन वेगवेगळ्या गोष्टी बघत असतो, आणि नव्या माणसाला त्या एकच वाटतात.

पहिली, कडेचा बाक. एक डोळा मिटा, फळीचं जवळचं टोक डोळ्याच्या किंचित खाली धरा आणि फळी हळूहळू वर आणा. लांब कड आखडत जाऊन एवढीशी होते, त्यामुळे आठ फुटांत पसरलेला बाक बोटभर जागेत गोळा होऊन दिसतो. दुसरी, रुंदीतला खोलगटपणा. त्यासाठी सरळ पट्टी फळीवर आडवी उभी करा आणि फळी उजेडाकडे धरा. पट्टीखालून उजेड कुठे येतो ते बघा. टेपला न सापडणारी फटही उजेडाला सापडते. फक्त उजेड तुमच्या पाठीमागे नको, समोर हवा.

तिसरी गोष्ट पीळ, आणि हाच नवख्यांना सगळ्यात जास्त फसवतो. फळीची एक कड सरळ, दुसरीही सरळ, तरी चार कोपरे एका पातळीत नाहीत. यासाठी एकाच रुंदीच्या दोन सरळ पट्ट्या करून घ्या, प्रत्येकी दीडएक फूट लांब. एक गडद, एक फिकी असेल तर उत्तम. फळीच्या दोन टोकांवर त्या आडव्या उभ्या करा आणि चार पावलं मागे जाऊन खाली वाका, एवढं की जवळच्या पट्टीच्या वरच्या कडेमागे लांबची पट्टी जेमतेम डोकावेल. डोकावणारी पट्टी सगळीकडे सारखी दिसली तर पीळ नाही. डावीकडे जास्त आणि उजवीकडे नाहीशी झाली तर पीळ आहे, आणि रंधा कुठल्या दोन कोपऱ्यांवर मारायचा तेही तिथेच कळतं. पट्ट्या फळीच्या रुंदीपेक्षा लांब ठेवल्या की पीळ आणखी वाढून दिसतो. पुन्हा तेच, दोन रेघांची तुलना.

पिळलेल्या लाकडाचं शटर केलं तर वरचा कोपरा बसतो तेव्हा खालचा उघडा राहतो. मग बिजागरीचे स्क्रू कितीही फिरवा.

पाचवी पायरी : करवत सरळ धरायला आरसा

हातकरवतीचं पातं नवीन, चकचकीत असेल तर त्यात फळीच्या कडेचं प्रतिबिंब दिसतं. करवत फळीवर टेकवा, अजून ओढू नका. पात्यात दिसणारी कड खऱ्या कडेच्या सरळीत पुढे गेल्यासारखी दिसली तर तुमचा कट कडेला काटकोनात आहे. प्रतिबिंब वाकून गेलं तर हात वाकडा आहे. खऱ्या कडेचा आणि प्रतिबिंबाचा मिळून काटकोन दिसला तर करवत ४५ वर आहे. गुण्या न लावता केलेली ही तपासणी बऱ्याच वर्षांच्या कारागिरांनाही ठाऊक नसते.

भोक सरळ पाडायलाही हीच युक्ती. जुनी सीडी घ्या, तिचं मधलं भोक खुणेवर ठेवा, ड्रिलचा बिट त्यातून खाली टेकवा. बिट आणि त्याचं सीडीतलं प्रतिबिंब एका सरळ रेषेत दिसेपर्यंत मशीन हलवा. समोरून बघितलं, आता बाजूने बघा. दोन्हीकडून सरळ दिसला की दाबा.

शरीराची ठेवणही महत्त्वाची. कापताना डोळा रेघेच्या बरोबर वर, खांदा-कोपर-मनगट करवतीच्या ओळीत. बाजूने बघत कापलं की कट तुमच्या नकळत तिरका उतरतो. रेघेच्या कुठल्या बाजूने कापायचं हेही आधी ठरवून टाकाऊ भागावर फुली मारा. सर्क्युलर सॉचं पातं प्रत्येक कटात तीनएक मिलिमीटर लाकूड खातं. एका पट्टीतून चार तुकडे काढताना ते धरलं नाही तर शेवटचा तुकडा लहान निघणार.

सहावी पायरी : वस्तू डोक्यात फिरवता येणं

कपाटाची डावी बाजू आणि उजवी बाजू एकमेकींचं प्रतिबिंब असतात, सारख्या नसतात. नवखा माणूस दोन्हींना एकाच तऱ्हेने खाचा पाडतो आणि दोन डाव्या बाजू तयार होतात. उपाय साधा आहे : दोन्ही फळ्या पुस्तकासारख्या शेजारी उघड्या ठेवा, आतली बाजू वर, पुढच्या कडा एकमेकींना लागून, आणि दोन्हींवर मिळून एक मोठा त्रिकोण काढा, टोक कपाटाच्या वरच्या बाजूला. त्रिकोण जुळला तर फळ्या जागेवर आहेत. मग खुणा दोन्हींवर एकदमच, एकाच रेघेने करा.

ड्रॉइंग वाचताना आपल्याकडे पहिल्या कोनाची पद्धत चालते, म्हणजे वरून दिसणारं दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली काढलेलं असतं. परदेशातली, विशेषतः अमेरिकेतली ड्रॉइंगं यूट्यूबवरून घेतलीत तर तिथे ते वर असतं. आधी ते बघा, नाहीतर ड्रॉवर भलत्याच बाजूला उघडेल. सरावासाठी काडेपेटी अर्धी उघडून समोर ठेवा आणि समोरून, वरून, बाजूने अशी तीन दृश्यं काढा. मग ती झाकून, ती मागून कशी दिसेल ते काढा. दुसरं चित्र पहिल्यापेक्षा खूपच अवघड जातं, तेवढ्यासाठीच ते करायचं.

सातवी पायरी : कर्ण, आणि तो कुठे फसवतो

बॉक्स गुण्यात आहे का ते बघायला दोन्ही कर्ण मोजतात, हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि कर्ण सारखे, तर चारही कोन काटकोन. प्लायची आठ बाय चारची पूर्ण शीट २४४० बाय १२२० मिलिमीटर असेल तर कर्ण २७२८ यायला हवा. शीटचा कोपराच गुण्यात नसेल आणि तुम्ही त्यावरून मापं टाकत गेलात तर सगळं कपाट तिरकं जातं.

शिकवत नाहीत ते असं की उंच-अरुंद बॉक्समध्ये कर्ण चूक लपवतो. चार बाय चारच्या चौकोनात वरची बाजू एक सूत सरकली तर दोन कर्णांत जवळपास दीड सुताचा फरक येतो, म्हणजे चूक वाढून दिसते. दोन फूट रुंद आणि सात फूट उंच कपाटात मात्र एक सूत सरकण्याने कर्णांत जेमतेम अर्ध्या सुताचा फरक पडतो. टेप जरा सैल धरला तर तोही नजरेतून सुटतो. म्हणून अरुंद बॉक्सला कर्णावर भागवू नका. वर-खाली गुण्या लावा किंवा पाठीमागची प्लाय आधी बिनचूक काटकोनात कापून तिच्या कडेला बॉक्स ओढून घ्या. कर्णात फरक असेल तर लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांना क्लॅम्प लावून आवळायचं, दोन्ही कर्ण सारखे होईपर्यंत.

खोलीच्या मापाला तीन-चार-पाच. कोपऱ्यापासून एका भिंतीवर सहा फूट, दुसरीवर आठ फूट, तिरकं दहा फूट आलं तर कोपरा गुण्यात. जागा असेल तर नऊ-बारा-पंधरा घ्या, जितकं मोठं तितकं खरं. हा आपल्याकडचा फार जुना हिशेब आहे. यज्ञवेदी आखण्यासाठी दोऱ्या कशा ताणायच्या ते शुल्बसूत्रांमध्ये दिलं आहे, आणि आयताच्या कर्णाचा नियम बौधायनाने तिथे सांगितला आहे.

आठवी पायरी : वाकड्या खोलीत सरळ काम

खोली गुण्यात सापडेल ही आशा सोडा. भिंत ओळंब्यात (दोरीला टांगलेल्या वजनासारखी सरळ उभी) नसते, फरशीला उतार असतो, आणि बीम सीलिंगला समांतर असेलच असं नाही. इथे डोळ्याची तुलना करायची सवय तुमच्या विरोधात जाते. पाणसळीत अगदी सरळ बसवलेलं शेल्फ उतरत्या बीमच्या खाली दोन इंचांवर आलं तर लोकांना शेल्फच वाकडं दिसतं. अशा वेळी काय सरळ ठेवायचं ते ठरवावं लागतं. माझं मत असं : ज्यावर दार, ड्रॉवर किंवा पाणी चालतं ते पाणसळीत आणि ओळंब्यातच हवं, तिथे तडजोड नाही. नुसती शोभेची पट्टी असेल तर ती शेजारच्या मोठ्या रेघेला समांतर लावा, पाणसळ काहीही म्हणो.

कपाट आणि वाकडी भिंत यांच्यामध्ये फिलर पट्टी येते. भिंत वरपासून खालपर्यंत अर्धा इंच सुटली आहे असं धरा. फिलर अर्ध्या इंचापासून एक इंचापर्यंत गेला तर खालचं टोक वरच्या दुप्पट दिसतं आणि कोणाच्याही डोळ्यात खुपतं. तोच फिलर दोन इंचांपासून अडीच इंचांपर्यंत गेला तर सहसा कोणाला कळत नाही. फरक तेवढाच, पण डोळा प्रमाण बघतो. म्हणून वाकड्या भिंतीशी फिलर रुंद ठेवा आणि शटरमधल्या फटी, ज्या एकमेकींशेजारी असतात, त्या मात्र काटेकोर सारख्या ठेवा.

कोपऱ्यातल्या स्कर्टिंगला (भिंतीच्या तळाशी लावायची पट्टी) डोळे मिटून ४५ चा कट मारू नका. कोपरा ९२ अंशाचा असेल तर दोन्ही पट्ट्यांना ४६-४६ हवेत. माइटर सॉवर (कोनात कापायचं मशीन) सरळ कट शून्यावर असतो, त्यामुळे तिथे काटा ४४ वर लावायचा, ४६ वर नाही. फोटोफ्रेमसारख्या चार बाजूंच्या चौकटीत तर कट आठ असतात. प्रत्येक कट अर्धा अंश चुकला तर तीन सांधे मस्त जुळतात आणि चौथ्यात सगळे चार अंश एकदम गोळा होतात, दोन इंच रुंद पट्टीत दीड सुताची फट. लोक तो चौथा सांधा पुटीने भरतात. मशीनचा शून्य दुरुस्त करा, पुटी वाचेल.

डोळ्यावर कधी विसंबायचं नाही

तिरक्या पट्ट्यांच्या किंवा उठावदार रेषांच्या लॅमिनेटजवळ सरळ कडाही वाकड्या भासतात; तिथे फक्त पट्टी आणि टेप. एकाच बाजूने येणाऱ्या दिव्याच्या उजेडात सांध्याची सावली जाड दिसते, ती फट समजून रंधा मारत बसू नका, दिवा दुसऱ्या बाजूला नेऊन बघा. आणि दिवसभर काम करून डोळे शिणल्यावर संध्याकाळी घेतलेली शेवटची मापं दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घ्या, कापण्याआधी.

भिंतीवर सरळ रेघ पाडणारा लेझर आला म्हणून हे सगळं शिकायची गरज संपली असं काही जण म्हणतात. लेझरही पडतो, आणि पडल्यावरही तितकीच ठळक रेघ मारतो. तो खरा आहे का ते पारदर्शक नळीतल्या पाण्याने तपासा. नळीत बुडबुडा नको, दोन्ही तोंडं उघडी हवीत. समोरासमोरच्या दोन भिंतींवर पाण्याच्या पातळीच्या खुणा करा, मग लेझर एका भिंतीजवळ ठेवून त्याची रेघ जवळच्या खुणेवर आणा. लांबच्या खुणेवर ती बसली तर ठीक, नाही बसली तर पाण्याचं ऐका.